फाटकाचा कॅमेरा आणि १ जानेवारी १९७०

बुधवारी सकाळी सरांचा फोन आला तेव्हा मी सांगलीजवळच्या कुपवाडला एका गोडाउनच्या पत्र्याखाली वायर ओढत होतो. "पाण्याचा मीटर चोरीला गेलाय. कॅमेऱ्यात मागचं काही सापडत नाही. तू ये." फोन बंद. सर आम्हाला दहावीला गणित शिकवायचे. तेव्हाही गणित एकदाच सांगायचे.

विश्रामबागेतल्या त्यांच्या बंगल्यावर चार कॅमेरे मीच बसवलेत, दोन वर्षांपूर्वी. महिन्याच्या महिन्याला पैसे मागणाऱ्या क्लाउडला सरांचा ठाम नकार होता ("माझ्या अंगणाचं चित्र मी दुसऱ्याच्या घरी भाड्याने कशाला ठेवू?"), म्हणून घरातच नॅस ठेवला. घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, एवढंच ते. चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. "म्हणजे आठ ना?" "नाही सर, चारच." त्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले होते. एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे दिवसाला साधारण ४३ जीबी. चार कॅमेऱ्यांचे १७२. चार टीबीत २३ दिवस. हा हिशेब सरांनी कागदावर स्वतः करून बघितला, मगच चेक फाडला.

मी पोचलो तर सर व्हरांड्यात, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत ओलं पिवळं फडकं.

"हा पुरावा. गाडी धुणाऱ्या पोराचं आहे. सोमवारी पहाटे मीटरच्या खड्ड्यात सापडलं. आणि मीटर गेला हे सांगत आला कोण, तर तोच. साडेपाचला, अंधारात, त्याला कसं कळलं?"

पोराला त्याच दिवशी कामावरून बंद केलं होतं. पितळी मीटर भंगारात जातो आणि बरे पैसे येतात, हे गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक. काकू आतून एवढंच म्हणाल्या, "आधी बघू तरी द्या त्याला."

मोबाइलवर चारही कॅमेरे झकास दिसत होते. माळ्यावरचा नॅसही चालू, दिवे हिरवे. पण आत फोल्डर उघडले तर शेवटची फाइल ११ दिवसांपूर्वीची, दुपारची. त्यानंतर एकाही कॅमेऱ्याचं काही नाही.

"११ दिवसांपूर्वी काय झालं सर?"

"काही नाही. नवीन इंटरनेट घेतलं. तो मुलगा राउटर बदलून गेला."

तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण चूक राउटरवाल्याची नव्हती, माझी होती. कॅमेऱ्यांना ठरलेले आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे घरनंबर, मिळावेत म्हणून मी जुन्या राउटरमध्ये नोंद करून ठेवली होती: अमुक कॅमेऱ्याला अमुक पत्ता. एका जागी सगळं, नीटनेटकं. राउटर गेला, नोंदी त्याच्याबरोबर गेल्या. नव्याने सगळ्यांना नवे पत्ते वाटले आणि नॅस बिचारा ११ दिवस जुन्याच पत्त्यांवर कॅमेरे शोधत बसला. त्याने तक्रारही केली होती, मेलने, सरांच्या मुलाच्या जुन्या ऑफिसच्या मेलवर. ती नोकरी सोडून त्याला वर्ष झालंय. मोबाइलवरचं चित्र मात्र कॅमेऱ्याकडून कंपनीच्या सर्व्हरमार्फत येतं. त्याला घरातले पत्ते बदलल्याचं सुखदुःख नाही. दिसत होतं म्हणून सगळ्यांना वाटलं, साठतंय.

आशा होती ती फक्त फाटकाच्या कॅमेऱ्याची. त्यात मी १२८ जीबीचं मेमरी कार्ड घातलं होतं. चारही कॅमेऱ्यांत घालू म्हणालो होतो, सरांनी घासाघीस करून एकावर आणलं. आता मनात भागाकार: १२८ जीबी म्हणजे या वेगाने जेमतेम ७० तास. चोरी रविवारी रात्री ते सोमवारी पहाटेच्या मधली. म्हणजे ती रात्र अजून कार्डावर असेल, पण संध्याकाळपासून तिच्यावर आजचं चित्र चढायला लागणार.

कॅमेऱ्यांच्या सगळ्या वायरी जिथे येतात त्या पेटीपाशी, म्हणजे स्विचपाशी, मी सरळ गेलो आणि फाटकाच्या कॅमेऱ्याची वायर धरली. कॅमेऱ्याला वीजही त्याच वायरीतून जाते. ओढली की वीज बंद, रेकॉर्डिंग बंद, काम झालं. ओढता ओढता लॅपटॉपकडे नजर गेली. कॅमेऱ्याच्या चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती: ०३-०१-१९७०, वेळ २१:०२.

वायर सोडली.

झालं होतं असं. रविवारी वळवाच्या पावसात दुपारीच लाइट गेली आणि रात्रीपर्यंत आली नाही. इन्व्हर्टर संपला, कॅमेरे बंद पडले. या कॅमेऱ्याच्या पोटात घड्याळ जपणारा सेल नाही. चालू झाल्यावर तो नेटवर्कवर कुणाला तरी वेळ विचारतो. कुणाला विचारायचं, तेही मीच सांगून ठेवलं होतं: नॅसला, त्याच्या जुन्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही, मग तो कॉम्प्युटरच्या शून्यापासून मोजायला लागला. ते शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र, आपल्याकडचे पहाटेचे ५:३०. बिघडलेलं असलं तरी ते घड्याळ तेव्हापासून सलग चालत होतं. वायर ओढली असती तर कॅमेरा पुन्हा शून्यावर आला असता, आणि कार्डावरच्या कुठल्या चित्राची खरी वेळ काय, हे सांगणारा एकमेव दुवा मी माझ्या हाताने तोडला असता.

मोबाइल लॅपटॉपशेजारी धरला, दुसऱ्या मोबाइलने दोन्ही घड्याळांचा एकत्र फोटो काढला. खरी वेळ बुधवार ११:४२. मग ब्राउझरमधून कॅमेऱ्यात शिरून रेकॉर्डिंग तेवढं थांबवलं.

सर मागे उभे होते. "काय भानगड आहे?"

मी सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: २१:०२ वजा ११:४२. नऊ तास वीस मिनिटं. "कॅमेरा इतका पुढे आहे. तीन तारीख म्हणजे बुधवार, तर एक तारीख सोमवार. म्हणजे आपल्याला एक तारखेची सकाळ ते दुपार बघायची." माझ्याकडे वर बघून, "बरोबर?" मी मान हलवली. छातीत तीच जुनी धडधड.

एक खात्री मात्र करून घेतली. घंटागाडी आमच्याकडे सव्वासातच्या आसपास येते. कॅमेऱ्याच्या घड्याळात ते होतात १६:३५. तिथे जाऊन आवाज चालू केला. १६:३८ ला घंटागाडीचं गाणं वाजलं. सर पहिल्यांदा हसले.

मग मागे मागे गेलो. १२:४० ला, म्हणजे कोपऱ्यात भर दुपार आणि चित्र रात्रीचं, काळंपांढरं, एक स्कूटर फाटकाशी थांबली. दोघे. एक स्कूटरवर, दुसरा खाली वाकला. चार मिनिटं त्याची पाठच दिसते. मग हातात काहीतरी जड घेऊन उठला आणि गेले. खड्डा कोरडाच. नळाला पाणी पाचनंतर सुटतं.

सरांनी कागदावर वजाबाकी केली. ३:२०. काही बोलले नाहीत.

"पुढे ने," म्हणाले.

साधारण १४:३५ पासून फाटकाखालून पाणी वाहायला लागलं होतं. १४:५५ ला पोरगा सायकलवरून आला. पाणी बघून थबकला. मोबाइलचा उजेड खड्ड्यात मारला, गुडघ्यावर बसला, हाताने पाइप दाबायला गेला तर फवारा थेट तोंडावर. खांद्यावरचं फडकं काढलं, पिळा मारून पाइपात कोंबलं, वर अर्धी वीट दाबली. पाणी कमी झालं. शर्टाने तोंड पुसलं आणि फाटकातून आत हाक मारायला लागला. एकदा, दोनदा. आवाज स्पष्ट होता: "सर... ओ सर..."

सरांनी तेवढा भाग परत लावायला सांगितला.

नंतरचं काम कोरडंच होतं. क्लिप पेनड्राइव्हवर उतरवली, तिची हॅश, म्हणजे फाइलीचा आकड्या-अक्षरांतला ठसा, कागदावर लिहिली, मूळ कार्ड पाकिटात घालून सरांच्या सहीने बंद केलं. पोलिसांकडे असं चित्रण द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू झाला, पूर्वीच्या पुरावा कायद्यात हेच ६५ब होतं. घड्याळाच्या फरकाचा फोटोही सोबत जोडला. आणि मग माझी चूक निस्तरायला बसलो: नॅस आणि चारही कॅमेऱ्यांचे पत्ते त्यांच्या त्यांच्या पोटात कायमचे टाकले, मेल सरांच्या स्वतःच्या पत्त्यावर वळवला, फाटकाच्या आणि उरलेल्या तीन कॅमेऱ्यांत नवी कार्डं घातली. कार्डांचे पैसे घेतले, बाकी मजुरी नाही. घ्यायला तोंड नव्हतं.

मी स्टूलवर उभा राहून माळ्यावरच्या वायरी बांधत होतो तेव्हा सर आत आले. हातात ती पिशवी. गाठ सुटता सुटेना, शेवटी त्यांनी ती दाताने फाडली आणि फडकं काकूंच्या पुढे धरलं.

"हे धुऊन वाळत घाल. आणि त्याची आई कुठल्या घरी कामाला आहे, तुला माहीत आहे ना?"

काकूंनी फडकं घेतलं. म्हणाल्या, "माहीत आहे. पण फोन नका करू. चालत जा."