बेडकाचं हृदय आणि गच्चीवरचा टॉवर

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडकाचं हृदय कायमोग्राफला जोडून देण्यात माझी नोकरीतली सगळी वर्षं गेली. काजळी धरलेला ड्रम फिरतोय, लिव्हर खालीवर होतेय, काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटतेय. रिंगरचं द्रावण, म्हणजे हृदय ओलं ठेवणारं क्षारांचं पाणी, जरा कोमट झालं की ठोके भराभर पडू लागतात, गार सोडलं की मंदावतात. पोरं गप्पा मारत थेंब सोडायला विसरली तर हृदय सुकून रुसतंच. त्यामुळे ‘मोबाइलच्या लहरींनी प्राण्यांचं हृदय बंद पडतं’ असं वहिनींनी ग्रुपवर टाकलं, तेव्हा मी आधी विचारलं, तापमान कोण बघत होतं?

असा प्रयोग झालाय, ही थाप नाही. १९६८ साली अमेरिकेत ॲलन फ्रे आणि सायफर्ट या संशोधकांनी बेडकाच्या सुट्या हृदयावर मायक्रोवेव्हचे स्पंद सोडले, तेही ईसीजीत ठोक्याच्या सुरुवातीला दिसणाऱ्या पी-लहरीनंतर बरोबर २०० मिलिसेकंदांनी. ठोके वाढले, काही हृदयं थांबलीही. शक्ती इतकी कमी होती की ‘तापलं असेल’ म्हणून सोडून देता येईना. पण पुढे सत्तरच्या दशकात दुसऱ्यांनी करून पाहिलं, तर तसं काही मिळालं नाही. मला स्वतःला इलेक्ट्रोडचा, म्हणजे ठोके टिपायला हृदयाला लावतात त्या धातूच्या टोकाचा, संशय येतो. लहरींच्या वाटेत धातू ठेवला की त्यात प्रवाह निर्माण होणारच, आणि तो थेट हृदयाला टोचणार.

नंतरचा मोठा अभ्यास अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा, अंतिम अहवाल २०१८चा. उंदरांना रोज सुमारे ९ तास, दोन वर्षं, सगळ्या अंगावर ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइलसारख्या लहरी. सर्वांत जास्त मात्रा शरीराच्या दर किलोला ६ वॅट. आपल्याकडे फोनला डोक्यापाशी १.६ची मर्यादा आहे, आणि तीही फक्त एक ग्रॅम ऊतीपुरती. त्या ६ वॅटच्या दोन गटांत (मोबाइलच्या दोन प्रकारच्या सिग्नलांसाठी एकेक) ९० नरांमागे ५ आणि ६ जणांच्या हृदयात श्वानोमा, म्हणजे मज्जातंतूंच्या आवरणाची गाठ, निघाली. लहरींपासून दूर ठेवलेल्या नरांत एकही नाही. माद्यांत असा स्पष्ट पुरावा नाही. आणि गंमत म्हणजे दूर ठेवलेले नरच आधी मेले! आयुष्य कमी, तर गाठ वाढायला वेळही कमी. हा आक्षेप वहिनींच्या मेसेजमध्ये कुठून असणार?

रविवारी सोसायटीची सभा आहे, गच्चीवर टॉवर घ्यायचा की नाही यावर. मी हृदयाचं काही काढणार नाही. स्लॅबला वजन पेलेल का आणि जनरेटर कुठे ठेवणार, एवढंच विचारणार आहे.