पॉवर विंडो अडकली आणि फुकटचे नऊ दिवस गेले – माझा अनुभव

जुलै महिना, पुण्यात धो धो पाऊस आणि माझ्या गाडीची पुढची डावी काच अर्ध्यावर येऊन अडकली. स्विच दाबला तर कसलाच आवाज नाही. सर्व्हिस सेंटरला नेली, तिथल्या माणसाने दोनदा स्विच दाबला आणि सांगून टाकलं, मोटर गेली, रेग्युलेटरसकट (काच वर-खाली नेणारी यंत्रणा) बदलावी लागेल, साडेसहा हजार, पार्ट मागवतो. तिथून नऊ दिवस रोज फोन आणि रोज "उद्या येईल सर". गाडी माझ्याकडेच, काचेवर प्लॅस्टिक आणि खाकी टेप, ती पण पावसात सुटायची, सीटला कुबट वास, आईला दवाखान्यात न्यायचं तर मागे बसवायचं. हाताने काच ओढून पण बघितली, इंचभर हलली नाही. वाट बघायला माझी ना नव्हती हो, पण एकाने तरी साधा टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतो का ते दाखवणारा दिवा) लावून बघावं की नाही!

दहाव्या दिवशी वैतागून घराजवळच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने फ्यूज बघितला, ठीक होता. मग डोअर पॅड (दाराचं आतलं कव्हर) काढलं, मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवला आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला लावल्या, काच सर्रकन वर! वायरींची अदलाबदल केली, काच खाली. 12 व्होल्टची मोटर, करंटची दिशा बदलली की उलटी फिरते, स्विच एवढंच करतो. मोटरला वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) असतो, तो काचेच्या बाजूने जोर लावून फिरत नाही, म्हणून माझ्या हाताने काच हलत नव्हती.

मग त्याने बिजागरीजवळचा, दारातून बॉडीत जाणारा रबरी बूट (वायरींवरची रबरी नळी) मागे सारला. आत एक वायर तुटलेली, तांब्याचं टोक हिरवं पडलेलं. दार हजारदा उघडून मिटून तिथंच वायर तुटते म्हणाला. सोल्डर, वर स्लीव्ह, अर्धा तास, चारशे रुपये. मोटर जुनीच, मस्त चालतेय.

तुमची अडकली तर स्विच दाबून धरा आणि दार हळूहळू उघडझाप करा, मध्येच काच हलली तर वायरच समजा. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर रेग्युलेटरची केबल किंवा क्लिप बघा. आणि हो, सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉक बटण बघा, ते दाबलेलं असलं तर बाकीच्या दारांचे स्विच चालत नाहीत. काच जड चालत असेल तर काच ज्यातून सरकते त्या रबरी चॅनलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, धूळ धरते.