‘आयुष्यभर हलणार नाही’: एका जुन्या एस्टरब्रूकची दुरुस्ती

जुन्या शाईच्या पेनात सुपरग्लू घालणाऱ्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते चारचौघांत लिहिण्यासारखं नाही. म्हणून पेनाबद्दलच लिहितो.

पेन एस्टरब्रूक कंपनीचं, ‘जे’ मॉडेल. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत ही पेनं अक्षरशः ढिगाने खपली. रोज लिहिणाऱ्या साध्या माणसाचं पेन, निब सोन्याची नाही, पोलादाची. त्यामुळे मोठे संग्राहक अजूनही त्यांच्यामागे फारसे लागत नाहीत आणि आपल्यासारख्यांचं फावतं. दिसायला मात्र कुठे कमी नाही: दोन्ही टोकांना काळे मणी, आणि उजेडात फिरवलं की अंगावरचे पट्टे हलताहेत असं वाटावं असा तांबूस रंग.

पण या स्वस्त जुन्या पेनांची खरी गंमत रंगात नाही. ती उघडता येतात. आतली शाई साठवणारी रबराची पिशवी कधीतरी सडणार हे बनवणाऱ्याला माहीत होतं, म्हणून सगळं काही सुटेल अशा बेताने जोडलेलं. पिशवी सेक्शनच्या मागच्या नळीवर लाखेने चिकटवलेली. लाख ऊब लागली की सैल पडते. सेक्शन म्हणजे आपण बोटांनी धरतो तो पुढचा भाग. तो बॅरलमध्ये, म्हणजे पेनाच्या मागच्या पोकळ अंगात, नुसता घट्ट दाबून बसवलेला. निब तर खालच्या जिभेसकट स्क्रूसारखी फिरवून निघते आणि दुसरी बसते. सत्तर वर्षांनीसुद्धा स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुरुस्ती होते ती यामुळे.

माझं पेन ‘दुरुस्त केलेलं, लिहायला तयार’ म्हणून आलं. शाई भरली, दोन ओळी लिहिल्या, आणि लिव्हरच्या फटीतून शाई बाहेर. लिव्हर म्हणजे बॅरलवरची छोटी दांडी, ती उचलली की आतली पट्टी पिशवी दाबते आणि शाई भरते. तिथून शाई आली की दुसरा अर्थच नसतो, पिशवी फुटलेली असते. विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, ‘साहेब, सेक्शन एकदम पक्कं बसवलंय, आयुष्यभर हलणार नाही.’ अभिमानाने लिहिलं होतं. कशाने बसवलं विचारल्यावर कळलं, सुपरग्लूने. पिशवीसुद्धा त्यानेच. तो गोंद वाळून काचेसारखा कडक होतो, रबर मात्र लवचीक. प्रत्येक वेळी लिव्हर उचलली की त्या कडेवर ताण. तिथेच ती फाटली असणार.

साधारणपणे हे काम किरकोळ असतं. निब काढायची, हेअर ड्रायरने जोडावर कोरडी ऊब द्यायची, पेन सतत फिरवत राहायचं, ओठाला लावून जेमतेम सोसेल इतकंच तापवायचं, आणि मग सेक्शन डावी-उजवीकडे अगदी किंचित हलवत ओढायचं. थोड्या वेळात निघतं.

हे निघेना. तापव, हलव, गार होऊ दे, पुन्हा तापव. काही नाही. अशा वेळी हात पकडीकडे जातो आणि मोह होतो की एकदाच काय ते जोर लावून टाकावं. तो आवरा. बॅरलची कड पातळ असते, तिला उभी चीर गेली की सेक्शन पुन्हा कधी घट्ट बसत नाही. रबर लावलेली पकड वापरा, पण धरण्यापुरती, पिळण्यासाठी नाही.

कुणीतरी हमखास सांगतं, सुपरग्लू ऍसिटोनने विरघळतो. विरघळतो की! पण त्याच्याबरोबर पेनसुद्धा विरघळतं. या पेनांच्या प्लास्टिकला ऍसिटोनचा बोळा लागला तरी चमक गेली म्हणून समजा. उकळतं पाणीही नको, बॅरल वाकतं.

उपाय सापडला तो कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी सांगत नाही. सुपरग्लू सरळ ओढीला बेरड, पण ठिसूळ असतो. पाण्यात बराच काळ राहिला की कमजोर पडतो, गरम-गार होत राहिला की आणखी. तेव्हा पेलाभर कोमट पाण्यात पेन सेक्शनच्या बाजूने उभं ठेवायचं, जोड बुडेल इतकंच. वर नाही, कारण आतली पट्टी लोखंडी, गंजते. मग पुसून, वाळवून ऊब, बाजूने हलका दाब, जरा दुसऱ्या दिशेने दाब, आणि परत पेल्यात. रोज. घरातले विचारत राहिले की हे पेन पाणी का पितंय. मधल्या काळात माझी चिडचिड इतकी की विक्रेत्याला पाठवायचा मजकूर मी मनातल्या मनात चार प्रकारे लिहून ठेवला होता.

शेवटी बारीक ‘टक्’ झालं. चीर गेली असं वाटून पोटात गोळाच आला. पण सेक्शन हातात होतं आणि कड शाबूत. मी एकटाच खोलीत मोठ्याने काहीतरी ओरडलो.

पुढचं भरभर झालं. गोंदाची पापुद्री नखाने आणि दातकोरणीने खरवडली. नवीन पिशवी १६ नंबरची. हे नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, सोळा म्हणजे पाव इंच व्यासाची. लांबी बॅरलच्या टोकाला न टेकेल अशी कापली, शेलॅक, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, नळीवर लावलं, पिशवी चढवली, रात्रभर वाळू दिली, वरून शुद्ध टाल्कचा हात फिरवला. बॅरलमध्ये सेक्शन परत दाबताना काहीही चिकटवलं नाही. लागत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: जुनं पेन हातात आल्या आल्या लिव्हर जोरात उचलू नका. पिशवी दगड झालेली असेल तर लिव्हर किंवा आतली पट्टी मोडते. हलवून पाहा, आत चुरा खुळखुळला तर पिशवी केव्हाच संपलेली आहे. आणि तापवण्यावरून आठवलं, बरीच जुनी पेनं सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असतात, ते भडकन पेटतं. मेणबत्ती, लायटर जवळसुद्धा नको. काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन असेल तर पाण्यात बुडवण्याचा माझा उपाय विसरा, रंग उडून तपकिरी होतो.

रबर बदलण्याची ही भानगडच नको असेल तर १९६० साली आलेलं पार्कर ४५ घ्या, त्यात आजची पार्करची शाईची काडतुसं बसतात. किंवा १९४८नंतरचं ॲरोमेट्रिक, म्हणजे आतली पिशवी दाबून भरायचं, पार्कर ५१. त्याची पारदर्शक पिशवी रबराची नाही, कित्येक पेनांत अजून मूळचीच चालू असते. ते मात्र इतकं स्वस्त मिळत नाही. शेफर कंपनीच्या स्नॉर्कल मॉडेलच्या वाटेला पहिल्याच पेनात जाऊ नये, आत फार सुटे भाग.

विकत घेताना निबचा नंबर विचारा आणि टोकाचा बाजूने काढलेला फोटो मागा. एस्टरब्रूकच्या ९ ने सुरू होणाऱ्या निबांच्या टोकाला कठीण धातू असतो. १ आणि २ वाल्यांचं टोक पोलादाचंच, ते लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजतं. माझ्यात २६६८ आहे. शाई सुरेख झरते, पण आधीचा मालक पेन बराच तिरका धरत असणार. ९६६८ मिळेपर्यंत मीही तसंच धरून लिहितो आहे.