आमचं दुसरं आलेलं गाणं

युरोव्हिजन (मुख्यतः युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा) बघायचं तर पुण्यात मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री साडेबारापर्यंत जागं राहावं लागतं, आणि निकाल लागेपर्यंत दूधवाल्याची वेळ होत येते. हा उपद्व्याप मी 2023 साली केला तो भाचीपायी. ती फिनलंडात, हेलसिंकीजवळ राहते. आठवडाभर आधी तिचा फोन आला, "मावशी, तुझ्याकडे क्रेडिट कार्ड आहे ना?"

पोटात गोळाच आला. पण भानगड निराळीच होती. या स्पर्धेत प्रेक्षकांना स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. म्हणजे ही फिनलंडात राहून फिनलंडच्या गाण्यासाठी काहीच करू शकत नव्हती. त्याच वर्षापासून, स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांना ऑनलाइन पैसे भरून मत देता यायला लागलं होतं. त्या सगळ्यांच्या मतांना मिळून वजन एका देशाचं. अख्खा भारत, अमेरिका आणि ब्राझील मिळून एक चिमुकला देश, सान मारिनो! तरी भाचीला माझं मत हवं होतं.

तिला 37 देशांची 37 गाणी केव्हाच पाठ झाली होती. मला वाटायचं, हे चाहते चालीबद्दल, आवाजाबद्दल बोलत असतील. छे, सगळी हिशेबाची भाषा. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना हटकून सर्वाधिक, म्हणजे 12 गुण देणार (लग्नातल्या आहेरासारखं, वहीत लिहून ठेवलेलं). अमक्या गाण्याला परीक्षक पाघळतील, तमकं फक्त टेलिव्होटवर, म्हणजे प्रेक्षकांच्या मतांवर तरेल. इंग्रजीत गाणाऱ्यांवर तिचा विशेष राग. 1999 पासून कुठल्याही भाषेत गायची मुभा आहे, म्हणून स्वतःची भाषा सोडायची का, हा तिचा सवाल. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली ही पोर!

फिनलंडचा गडी होता कारिया. बाकी अंग उघडं, खांद्या-दंडांवर तेवढ्या भडक हिरव्या फुगीर बाह्या, आणि 'चा चा चा' नावाचं गाणं, अस्सल फिनिशमध्ये. आधी दणदणाट, मग एकदम गोडमिट्ट नाच. आशय एवढाच, की आठवडाभर राबलोय, आता पिन्या कोलाडा प्यायचा आणि नाचायचं. मला ते पहिल्यांदा ऐकताना मिक्सरचं झाकण उडाल्यासारखं वाटलं. भाची मात्र म्हणाली, "अगं, मला त्यातलं सगळं कळतं!" तेव्हा जरा उलगडा झाला. तीन वर्षं ती फिनिशच्या 15 विभक्त्यांशी झटापट करत होती. आपल्या आठांनीच मला शाळेत घाम फोडला होता. दुकानात हिने फिनिशमध्ये विचारलं की उत्तर इंग्रजीत यायचं. हा हिरव्या बाह्यांचा माणूस मात्र तिच्याशी सरळ फिनिशमध्ये बोलत होता.

माझं मत काही पडलं नाही. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते चालू करेपर्यंत मुदत संपली. भाचीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

लिव्हरपूलच्या त्या सभागृहात परीक्षकांचे गुण जाहीर होत होते. स्वीडनच्या लोरीनला धडाधड मिळत होते आणि प्रेक्षक 'चा चा चा' म्हणून ओरडत होते. मला एकदम कॉलेजातल्या एकांकिका स्पर्धा आठवल्या. निकालानंतर आम्हीही असेच परीक्षकांच्या नावाने खडे फोडायचो. तरी वयाला शोभेलसं मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "अगं, परीक्षकांना काहीतरी कळत असेलच की." तिकडून तोफ आली, "1974 ला स्वीडनचा ॲबा बँड जिंकला, तेव्हा ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना शून्य दिलं होतं, मावशी! शून्य!"

परीक्षकांकडून लोरीनला 340, कारियाला 150. मग लोकांचे गुण आले, कारियाला 376. एकूण 526. मी चक्क गादीवर उभी राहिले. स्वीडनला जिंकायला आता 187 हवे होते. मिळाले 243.

लोरीन उत्तम गायली होती. 2012 मध्ये जिंकलेली बाई, दुसऱ्यांदा जिंकणारी ती पहिलीच स्त्री. हे मी मनात ठेवलं, कारण पडद्यावर भाचीचे डोळे भरले होते.

"लुटलं गं आम्हाला," ती म्हणाली. "नेहमी हे स्वीडनवाले आमचं..."

तेवढ्यात मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं, तिने मान वळवली आणि फिनिशमध्ये तावातावाने बोलायला लागली. अडखळली नाही, शब्द शोधला नाही. मी थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोन तसाच चालू ठेवून चहाचं आधण ठेवलं.