१३ मिलिमीटर मागे सरकलेले चाक

अपघातानंतर विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशी) ठरवलेली एक छोटी हॅचबॅक मी दुरुस्तीसाठी घेतली, तेव्हा तिचे वरवरचे नुकसान फारसे मोठे वाटत नव्हते. डावा फेंडर चेपला होता, बंपर निखळला होता आणि हेडलाइट फुटला होता. पण गाडीच्या बाजूला उकिडवे बसून पाहिल्यावर डावे पुढचे चाक कमानीच्या मधोमध नसून किंचित मागे गेल्याचे लक्षात आले. स्टेअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंतचे अंतर मोजले, तर डावीकडे ते १३ मिमी कमी भरले. पत्रा ठोकून आणि रंग देऊन ही गाडी विकायला काढता आली असती. पण अशी गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते, टायर खाते आणि जोरात ब्रेक लावल्यावर चालवणाऱ्याला दगा देते. म्हणून बाहेरच्या पत्र्याला हात लावण्यापूर्वी सबफ्रेमचा निकाल लावायचा, असे मी ठरवले.

बऱ्याच मेकॅनिकांच्या तोंडी क्रॉस मेंबर असलेली ही पुढची सबफ्रेम गाडीच्या पोटाखाली बोल्टने जोडलेली असते. तिच्यावर दोन्ही लोअर आर्म (चाकांना खालून धरणारे दांडे), चाके वळवणारा स्टेअरिंग रॅक, वळणावर गाडीचे कलणे रोखणारा स्टॅबिलायझर बार आणि माझ्या गाडीत इंजिनाचे मागचे माउंटिंगही बसते. चाकाला बसलेला धक्का लोअर आर्ममधून थेट तिच्यात उतरतो. आर्म वाकला असेल तर तो बदलून काम भागते. परंतु आर्म सबफ्रेमच्या ज्या कानाला (पकडीला) धरलेला असतो तो कानच मागे गेला असेल, तर कितीही नवे आर्म लावले तरी चाक जागेवर येत नाही. माझ्या गाडीत दोन्ही घडले होते. खालून दिवा धरून पाहिले तेव्हा आर्मच्या मागच्या बुशजवळ (रबरी सांध्याजवळ), सबफ्रेमचे दोन पत्रे जिथे वेल्डिंगने जोडलेले असतात त्या शिवणीवर, काळा रंग केसाएवढ्या रेषेत तडकला होता आणि त्या रेषेतून तांबूस गंज डोकावत होता.

ही सबफ्रेम तापवून आणि ओढून सरळ करण्याचा सल्ला मला एकाहून अधिक लोकांनी दिला. तो मी मानला नाही. अशा फ्रेमसाठी बहुधा उच्च ताकदीचे पोलाद वापरलेले असते. ते बेताल तापवले की त्याची ताकद उतरते, आणि एकदा घडी पडून तडकलेला पत्रा सरळ दिसू लागला तरी त्यातील तडा जात नाही. स्टेअरिंग आणि चाके ज्या भागावर टांगलेली आहेत, तिथे असा प्रयोग करणे मला मान्य नाही.

मागून धडक बसून भंगारात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतून मी दुसरी सबफ्रेम मिळवली. मॉडेल एकच असले तरी इंजिन वेगळे असेल तर माउंटिंगची जागा बदलते, म्हणून दोन्ही गाड्यांचे इंजिन एकच असल्याची खात्री आधी केली. फ्रेम आतून गंजलेली नाही ना, हे पाणी निचरण्याच्या भोकांतून पाहून आणि हातोडीने टिचकी मारून तपासले. जिथे पत्रा खाल्लेला असतो तिथे आवाज बद्द येतो.

उतरवण्याच्या कामातील बहुतेक टप्पे सरधोपट आहेत. बॅटरी काढली, इंजिन वरून आडव्या बारला साखळीने टांगले, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड सोडवले. येथे एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. स्टेअरिंग कॉलमचा खालचा सांधा सोडण्यापूर्वी चाके सरळ करून स्टेअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवावे आणि सांध्यावर पांढऱ्या रंगाची खूण करावी. सांधा सुटल्यावर स्टेअरिंग मोकळे फिरले, तर त्याच्या आत एअरबॅगला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी तुटू शकते.

खरा अडथळा मागच्या डाव्या बोल्टने आणला. दोन दिवस गंज सोडवणारे तेल मारूनही तो निघेना, आणि अखेर फिरू लागला तेव्हा नुसता फिरतच राहिला. चासीच्या पोकळ पट्टीच्या आत पिंजऱ्यात बसवलेला नट पिंजरा तोडून बोल्टबरोबर फिरत होता. अशा वेळी रागाच्या भरात कटर चालवण्याचा मोह होतो, पण त्या पट्टीवरच गाडीचा भार असतो. आतला गालिचा उचलून, मापे दोनदा घेऊन, पट्टीच्या वरच्या आच्छादनाला दोन बोटे जातील एवढी खिडकी पाडली, आतून पान्याने नट धरला आणि मग बोल्ट निघाला. नवा नट बसवणे आणि खिडकी बंद करणे हे वेल्डिंगचे काम मी एका अनुभवी वेल्डरकडून करून घेतले. त्यावर गंजरोधक प्रायमर, सीलर आणि आतून मेणाचा थर मी स्वतः दिला.

जुनी फ्रेम खाली आल्यावर चासीच्या बोल्टच्या भोकाभोवती एक लहानशी खूण दिसली. फ्रेम जिथे वर्षानुवर्षे टेकली होती तिथे मळकट गोल ठसा होता, आणि त्याच्या एका कडेला रंग खरवडून चंद्रकोरीसारखी लख्ख धातूची पट्टी उघडी पडली होती. म्हणजे धक्क्याने फ्रेम वाकली तर होतीच, शिवाय ती जागेवरून घसरलीही होती. आता प्रश्न चासीचा होता. चारही भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने बिंदू काढले आणि कर्ण मोजले. दोन कर्णांत २ मिमी फरक आला. दुरुस्तीच्या कामात साधारणपणे ३ मिमीपर्यंतचा फरक चालवून घेतात, त्यामुळे चासी ओढण्याच्या बेंचवर न्यावी लागली नाही. हीच मोजणी जुन्या फ्रेमवर केली तेव्हा तिचा डावा कान ११ मिमी मागे गेलेला आढळला. चासीतला फरक ३ मिमीहून अधिक असता, तर नवी फ्रेम पहारीने रेटून बसवण्याचा अट्टहास मी केला नसता. तसे केल्याने वाकडेपणा फक्त लपतो.

नवीन फ्रेम जॅकवर घेऊन चढवायला अर्धा दिवसही लागला नाही. बोल्ट सर्व नवे वापरले, कारण ते ताणून घट्ट करण्याच्या प्रकारातले होते आणि असे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहून तिचे वजन खाली बसल्यानंतरच घट्ट केले. चाके लोंबकळत असताना ते आवळले, तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

काही गाड्यांत फ्रेम मध्यावर आणण्यासाठी खुणेची भोके असतात. या गाडीत ती नव्हती, आणि फ्रेमची भोके बोल्टपेक्षा मोठी असल्याने तिला काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकायला वाव होता. त्यामुळे चाकांचे कोन मोजणाऱ्या पहिल्या अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल) दोन्ही बाजूंना जुळला, पण कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा कल; उणे म्हणजे माथा आत) डावीकडे उणे ०°१०′ आणि उजवीकडे उणे ०°५०′ आला. अलाइनमेंट करणाऱ्याने उजवा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) वाकल्याची शंका घेतली. मी त्याला स्टेअरिंगच्या अक्षाचा समोरून दिसणारा कलही मोजायला सांगितले. तो डावीकडे १२°४०′ आणि उजवीकडे १३°२०′ होता. स्ट्रट किंवा चाक धरणारा नकल वाकला, तर कॅम्बर आणि हा कल यांची बेरीज बदलते; इथे ती दोन्ही बाजूंना १२°३०′ येत होती, म्हणजे स्ट्रट आणि नकल निर्दोष होते आणि संपूर्ण फ्रेमच उजवीकडे सरकून बसली होती. बोल्ट ढिले करून ती सुमारे ३ मिमी डावीकडे घेतली, पुन्हा नवे बोल्ट घालून टॉर्क रेंचने आवळली, आणि दोन्ही बाजूंचा कॅम्बर उणे ०°३०′ झाला. हे गणित त्या वेळी हाताशी नसते, तर चांगला स्ट्रट फुकट बदलला गेला असता.

त्यानंतर टो-इन (वरून पाहताना चाकांचा आत वळलेला कोन) जुळवून स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणला. सबफ्रेमच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून फ्रेमपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली. ५०० किमी चालवल्यावर गाडी पुन्हा वर घेतली, तेव्हा चारही रेघा जुळलेल्या होत्या आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांतले अंतर, १ मिमीच्या आत सारखा भरला. आता डावा फेंडर काढून पत्र्याच्या कामाला हात घातला आहे.