सहा फुटांचं अंतर

२९ मे, रात्र

आज दादाशी पुन्हा तेच झालं. आईला पॅरालिसिस होऊन चार महिने होतील. जागरणं कोणाची जास्त, औषधं कोणी आणली, सुट्ट्या कोणाच्या संपल्या, हा सगळा हिशोब आम्ही तिच्या उशाशी उभं राहून मांडला. तिला बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं.

मग तिची कूस बदलली. चादरीची दोन टोकं धरून दोघांनी एकदमच ओढावं लागतं. एकाचा हात आधी चालला की ती कण्हते.

तारीख बघितली आणि तेनझिंग आठवला. दार्जिलिंगला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला तेव्हापासून हा दिवस मी विसरत नाही. तिथे संस्थेच्या आवारातच त्याची समाधी आहे.

१९५३ साली आजच्या दिवशी तो आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. खाली उतरल्यावर जो तो एकच विचारायचा: आधी कोण? जवळजवळ बरोबरच पोचलो, असं दोघांनी सांगितलं. पुढे तेनझिंगनेच खुलासा केला की हिलरीचं पाऊल आधी पडलं, आपलं मागोमाग. दोघांना जोडणारा दोर ३० फुटांचा होता, पण बराचसा त्याने वेटोळी करून हातात धरला होता. दोघांत अंतर उरलं जेमतेम ६ फुटांचं.

ती वेटोळी माझ्या डोक्यातून जात नाहीत. अशा दोराला बांधून घेऊन चालले आहे म्हणून कळतं. पुढचा थांबला की सैल पडलेला दोर गोळा करायचा, तो निघाला की सोडायचा. डोळे सतत त्याच्या पावलांवर. याच मोहिमेत, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात हिलरी बर्फाच्या भेगेत कोसळला, तेव्हा तेनझिंगने बर्फाची कुऱ्हाड रोवून दोर आवळला आणि त्याला वाचवलं.

त्याची ती एव्हरेस्टवरची सातवी मोहीम. आदल्याच वर्षी स्विस गिर्यारोहक लँबर्टबरोबर तो शिखराच्या बराच जवळ जाऊन परतला होता. लँबर्टने दिलेला लाल मफलर माथ्यावर त्याच्या गळ्यात होता. लेकीने, नीमाने दिलेली पेन्सिल त्याने तिथल्या बर्फात पुरली.

आणि त्याचा भाचा, नवांग गोंबू! तोही त्या मोहिमेत साउथ कोलपर्यंत, म्हणजे शिखराखालच्या खिंडीपर्यंत, ओझी वाहत होता. शेवटच्या तळाचं सामान वर पोचवून गुपचूप उतरलेल्यांत आंग न्यिमा होता. त्यांच्याबद्दल आधी कोण, नंतर कोण, असं कोणी विचारलं नाही. दहा वर्षांनी, १९६३ मध्ये गोंबू माथ्यावर पोचला आणि १९६५ मध्ये भारतीय मोहिमेबरोबर पुन्हा. एव्हरेस्ट दोनदा चढणारा तो जगातला पहिला माणूस.

मघाशी फ्रिजवरचा पाळ्यांचा कागद मी काढून टाकला. दादाने पाहिलं, काही बोलला नाही.

दोन वाजता आईची कूस बदलायची आहे. गजर त्याच्याही फोनवर लावलाय, माझ्याही.