ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचा तर आधी लोखंड बघा

मला बरेच जण विचारतात की भारीतला ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय, ३००बी वाला घेऊ का केटी८८ वाला, का आपला ईएल३४ बरा (ट्यूब म्हणजे आवाज वाढवणारा काचेचा वॉल्व, ही त्यांचीच नावं). मी दरवेळी आधी दोन गोष्टी विचारतो, स्पीकर कोणते आहेत आणि अ‍ॅम्प स्वतः उचलून बघितला का. उचलून बघायचं कारण असं की समोर लाल पेटणाऱ्या काचा दिसतात त्यांच्यावर आपण भाळतो, पण खरे पैसे मागच्या काळ्या डब्यांत असतात, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (लोखंडी कोरवर तारेचे वेढे घातलेला, वॉल्व आणि स्पीकर जोडणारा). वॉल्व बदलता येतात, संध्याकाळी काढून दुसरे लावले की झालं. ट्रान्सफॉर्मर जो आला तो आला, त्याच्यावरच अ‍ॅम्पचा आवाज ठरतो.

आता हे का ते सांगतो. वॉल्वला समोर काही हजार ओहमचा लोड लागतो आणि आपला स्पीकर असतो ८ ओहमचा, दोघांचं थेट जमणं शक्यच नाही. ३००बी ला साधारण साडेतीन हजार ओहम दाखवायचे तर ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरीचे (वॉल्वकडच्या तारेचे) टर्न, म्हणजे वेढे, सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या तारेच्या) जवळपास २१ पट लागतात. बरं नुसते टर्न भरून काम भागत नाही. खालचा सूर, म्हणजे तबल्याच्या बायाचा घुमारा, नीट यायला कोर मोठा पाहिजे आणि टर्न भरपूर पाहिजेत, आणि टर्न वाढवले की वरचे सूर गळायला लागतात, मग ते वाचवायला प्रायमरी आणि सेकंडरी थर एकात एक घालून बांधावे लागतात. हातचं काम आहे, वेळखाऊ आहे आणि किंमत तिथेच चढते. जपानच्या कोंडोंनी ओंगाकू बनवला त्यात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला चांदीची तार वापरली, त्या अ‍ॅम्पची किंमत ऐकून लोक डोळे फिरवतात ती काय २११ वॉल्वमुळे नाही.

मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघितलं ते आमच्या अमळनेरच्या मोटार वाइंडिंगवाल्या नानांमुळे. नानांचा जन्म विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधण्यात गेला. एका मित्राने बनवून घेतलेला ३००बी सिंगल एंडेड (पूर्ण लहर एकाच वॉल्वने वाढवणारा) अ‍ॅम्प आहे, त्याची एक बाजू गुणगुण करायला लागली म्हणून आम्ही तो त्यांच्या दुकानात नेला. नानांनी आधी कॅपॅसिटर डिस्चार्ज केले (हे विसरू नका रे, बंद केल्यावर पण आत चारशे व्होल्ट बसलेले असतात आणि त्याने माणूस जाऊ शकतो), मग चष्मा कपाळावर सरकवून ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांकडे बघत बसले. म्हणे हे चुकीचं भरलंय, सगळ्या ई (ई अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या) एका बाजूला, सगळ्या आय (सरळ पट्ट्या) दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद ठेवलाय, आम्ही एक उलटी एक सुलटी भरतो. मग मी सांगितलं की नाना, सिंगल एंडेडमध्ये वॉल्वचा डीसी करंट सतत याच वाइंडिंगमधून जातो, तो कागदाचा गॅप नसता तर कोर लगेच सॅच्युरेट झाला असता, म्हणजे चुंबकाने भरून गेला असता. पुशपुलमध्ये दोन वॉल्वचे डीसी एकमेकांच्या उलट जातात आणि कटतात, म्हणून तिथे गॅप लागत नाही आणि तेवढ्याच लोखंडात जास्त वॉट निघतात. नाना जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हाऊ ते सारा लोखंडना खेय शे, भो." (हा तर सगळा लोखंडाचा खेळ आहे, भाऊ.) मला तेव्हापासून हेच वाक्य सगळ्यांना सांगावंसं वाटतं. गुणगुण फिलामेंटच्या (वॉल्व तापवणाऱ्या तारेच्या) सप्लायमध्ये निघाली, ३००बी चा फिलामेंट हाच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, असतो त्यामुळे तिथला जराही रिपल (डीसीमधली उरलेली लहर) स्पीकरमध्ये ऐकू येतो.

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याच्या डॉक्टर मित्राकडे आम्ही तीन अ‍ॅम्प एकत्र आणले. त्याचा मॅकिंतॉश एमसी२७५, माझा प्राइमालूना इव्हो ४०० आणि तो ३००बी. स्पीकर दोन जोड्या, डॉक्टरचे जुने १५ ओहमचे एलएस३/५ए आणि मित्राचे क्लिप्श हेरेसी ३. आवाज तिन्हीवर सारखा ठेवला, मोबाईलच्या मीटरने का होईना, कारण जो अ‍ॅम्प जरा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो आणि सगळी तुलना वाया जाते.

३००बी चे वॉट साधारण आठ. एलएस३/५ए एका वॉटला जेमतेम ८३ डेसिबल देतात, आठ वॉटला ९२, म्हणजे विलंबितापर्यंत सगळं छान आणि द्रुत सुरू होऊन तबला चढला की आवाज चेपायला लागतो. तोच अ‍ॅम्प हेरेसीवर लावला, त्यांची सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला किती डेसिबल) कंपनीच्या आकड्यानुसार ९९ आहे, आणि किशोरीताईंचा आलाप सुरू झाला तेव्हा खोलीत कोणी बोलेना. तानपुऱ्याची जव्हारी एकेका तारेची वेगळी ऐकू येत होती, स्वर सोडल्यानंतरचा श्वास पण. सिंगल एंडेड ट्रायोडमध्ये (ट्रायोड म्हणजे तीन भागांचा साधा वॉल्व, ३००बी तसाच) दुसऱ्या हार्मोनिकचं डिस्टॉर्शन जास्त असतं, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर थोडा मिसळतो, म्हणून कानाला खटकत नाही, उलट गळा भरलेला वाटतो. पण बाया मात्र सैल वाजला, थाप पडल्यावर जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबेना. डॅम्पिंग, म्हणजे स्पीकरवरची पकड, कमी असल्यावर असंच होणार.

एमसी२७५ बरोबर उलटा. हे डिझाईन १९६१ चं आहे आणि अजून बनतंय, चार केटी८८, चॅनेलला ७५ वॉट, वजन तीसेक किलो. याची गंमत परत लोखंडातच आहे, युनिटी कपल्ड सर्किट म्हणतात, प्रायमरीचा अर्धा भाग वॉल्वच्या प्लेटला आणि अर्धा कॅथोडला, दोन्ही तारा शेजारी शेजारी धरून एकत्र गुंडाळलेल्या. त्यामुळे डिस्टॉर्शन फार खाली येतं आणि स्पीकरवर पकड बसते. शिवाय १६ ओहमचा टॅप (स्पीकर जोडायचं टोक) आहे, तो १५ ओहमच्या एलएस३/५ए ला अगदी बरोबर लागतो. बाया घट्ट, सरोद घट्ट, मोठ्या ऑर्केस्ट्राची जुनी हिंदी गाणी तर काय सांगू. पण गळा ऐकायला बसलो की मला तो जरा लांबून गातोय असं वाटलं, डॉक्टर हे मान्य करत नाही आणि आमचा वाद अजून चालू आहे.

माझा कल ईएल३४ कडे. इव्हो ४०० मध्ये आठ ईएल३४ आहेत, अल्ट्रालिनियरला (जास्त वॉट देणारी जोडणी) ७० वॉट आणि रिमोटचं बटण दाबून ट्रायोडला (ट्रायोडसारखी जोडणी) नेला की ३८. ट्रायोडवर लतादीदींचा आवाज (त्यांचं आजोळ आमच्या शिरपूर तालुक्यातलं थाळनेर, त्यामुळे आमचा जरा जास्तच जीव) दोन्ही स्पीकरच्या मधोमध उभा राहतो, ३००बी इतका मखमली नाही पण बाया हातात राहतो आणि कुठलाही साधा ८७-८८ डेसिबलचा स्पीकर चालतो. घरात एकच सिस्टिम असेल आणि ख्याल, नाट्यगीत, सिनेमा सगळं त्याच्यावरच ऐकायचं असेल तर मी हाच घ्या म्हणेन. ऑटोबायस (वॉल्वचा करंट आपोआप जुळवणारी सोय) असल्यामुळे मल्टिमीटर घेऊन बसावं लागत नाही हे पण आहेच.

आता आपल्या खान्देशातल्या दोन गोष्टी, ज्या परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये कोणी लिहिणार नाही. पहिली गरमी. आठ ईएल३४ चे नुसते फिलामेंट ७५ वॉट खातात, प्लेटची उष्णता वेगळी. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना हे यंत्र बंद शोकेसमध्ये ठेवलं तर ट्रान्सफॉर्मरचं वार्निश आणि कॅपॅसिटर दोन्ही लवकर जातील. वरून निदान फूटभर जागा सोडा, आणि कूलरचा झोत थेट अ‍ॅम्पवर येऊ देऊ नका, ओली हवा असते ती. मी उन्हाळ्यात रात्री जेवणं झाल्यावरच लावतो.

दुसरी व्होल्टेज. २३० ला ६.३ व्होल्ट मिळणारा फिलामेंट २५५ ला जवळपास ७ वर जातो, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर, आणि वॉल्वचं आयुष्य तिथे झपाट्याने कमी होतं. शेतीपंप बंद झाले की आमच्याकडे रात्री व्होल्टेज चढतं, नेमकं आपलं ऐकायच्या वेळेला. म्हणून सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, रिलेवाला टकटक करतो आणि व्होल्टेज पायऱ्यापायऱ्याने उडवतो. तसंच अमेरिकेतल्या भाच्याला सांगून सेकंडहँड अ‍ॅम्प मागवणार असाल तर मागची प्लेट वाचून घ्या. १२० व्होल्टचा असेल तर स्टेपडाऊन लावून चालेल असं लोक सांगतात, पण फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, कोरमध्ये फ्लक्स वीस टक्के वाढतो. आणि ते तापणं आपल्या मे महिन्याच्या वरचं असतं.

स्पीकरची वायर न लावता अ‍ॅम्प चालू करू नका, लोड नसला की प्रायमरीवर व्होल्टेज प्रचंड चढतं आणि वाइंडिंग आतून फुटतं. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे ३००बी घेऊ का असं पण विचारतात. जरूर घ्या, १९३८ पासूनचं नाव आहे आणि वॉल्व सुंदरच आहेत, पण ज्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा आहे त्याच्यात ते घालून काही मिळणार नाही. तेवढ्या पैशात आधी स्पीकर बदला. धुळे-जळगावकडचं कोणी असेल आणि आपले स्पीकर ३००बी वर वाजवून बघायचे असतील तर खाली लिहा, मित्राला विचारून दिवस ठरवू, फक्त पाहुणे म्हणून येताना हेरेसीएवढे जड काही आणणार असाल तर आधी सांगा, घर दुसऱ्या मजल्यावर आहे.